बोलण्यापुरती जागा

सर्जेराव दुधाळांचं बोलणं पहिल्यांदा अडकलं ते ‘धोबीपछाड’ या शब्दावर.

बोरजाईवाडीच्या तालमीपुढच्या कट्ट्यावर सकाळच्या उन्हाला चारपाच जाणती माणसं बसली होती. यात्रा तोंडावर आली होती आणि मैदानात शेवटची कुस्ती कुणाकुणात लावायची यावर खल चालला होता. सर्जेराव, म्हणजे सगळ्या गावाचे आबा, म्हणाले, “त्या उंच पोराला खाली घ्याचं आसंल तर धोबी...” आणि थांबले. ओठ तर त्यांचे दोन वर्षांपासून थांबलेलेच होते. आता थांबला तो सदऱ्याला अडकवलेला छोटा स्पीकर. माणसांना वाटलं, आबा आठवतायत. मग “...पछाड” बाहेर पडलं, पण तोवर बोलणं दुसऱ्याच पैलवानावर गेलं होतं.

आबांना डावांची नावं आठवावी लागत नसत. जवळजवळ चाळीस वर्षं त्यांनी सांगली, सोलापूर, कोल्हापूरकडची मैदानं आपल्या आवाजावर चालवली होती. हलगी थांबली की आबांचा आवाज सुरू व्हायचा, आणि मागच्या रांगेतल्या, काही न दिसणाऱ्या माणसालाही कुस्ती दिसायची. तो आवाज मेंदूतल्या एका रक्तस्रावानं एका सकाळी बंद केला. उजवी बाजू हळूहळू सावरली, काठी टेकत चालता येऊ लागलं, पण तोंडातून शब्द निघेना.

मेंदूत शब्द तयार होतो तो आवाज म्हणून नव्हे, हालचालीचा हुकूम म्हणून. जिभेनं टाळूला टेकायचं, ओठांनी मिटायचं, घशानं थरथरायचं, असे हुकूम मेंदूच्या पृष्ठभागावरच्या एका पट्ट्यातून सुटतात. आबांच्या मेंदूच्या खोडाला इजा झाली तेव्हा हे हुकूम सुटायचे थांबले नव्हते, फक्त खाली पोचायचे थांबले होते. गाव शाबूत होतं, रस्ता खचला होता. वाचासेतू हा त्या खचलेल्या रस्त्यावर टाकलेला पूल. कवटीच्या आत नखापेक्षा जरा मोठी, रेशमासारखी पातळ जाळी बसवलेली. ती हे हुकूम टिपते आणि खिशातल्या डबीकडे पाठवते. डबी ते मिरजेच्या केंद्रात धाडते. तिथला संगणक त्यांचे शब्द करतो आणि ते शब्द रुग्णाच्याच जुन्या आवाजात स्पीकरमधून बाहेर पडतात. पापणी लवायच्या आत हे सगळं होतं.

मिरजेच्या केंद्रात आबांच्या नावानं एक व्हर्च्युअल मशीन चालत असे. म्हणजे वेगळी पेटी नव्हे. एका मोठ्या संगणकाच्या पोटात, त्याच्याच शक्तीतला वाटा घेऊन, आपण स्वतंत्र आहोत अशा समजुतीनं चालणारा संगणक. त्याची डिस्कही तशीच, केंद्राच्या प्रचंड साठ्यातून कापून दिलेला एक तुकडा. हे मशीन रोज शिकायचं. आबा एखादा शब्द कसा उच्चारू पाहतात हे ते लिहून ठेवायचं, त्यावरून स्वतःला सुधारायचं. आणि आबांचा मेंदूही त्याच्याशी जुळवून घ्यायचा. दोघांनी दोघांना शिकवायचं असा हा मामला असल्यामुळे मशीन बंद करायचं नसे. बंद केलं तर डिस्कवरचं सगळं राहिलं असतं, पण चालू जुळणी विस्कटली असती आणि आबा कित्येक आठवडे पुन्हा मुके झाले असते.

केंद्रातल्या तस्नीम मुजावरकडे अशा साठेक रुग्णांची यंत्रं होती. आबांचं मशीन तिनंच उभं केलं होतं. त्यासाठी तिनं त्यांच्या मैदानांची जुनी ध्वनिमुद्रणं महिनाभर ऐकली होती. ढाक, घिस्सा, मोळी, निकाल ही नावं तिला त्यातून पाठ झाली होती. कुस्ती मात्र तिनं आयुष्यात कधी पाहिली नव्हती.

त्या दुपारी तिच्या पडद्यावर आबांची डिस्क काठोकाठ भरत आल्याचं दिसलं. बोलणं अडकण्याचं कारण सरळ होतं. प्रत्येक शब्द बाहेर काढण्याआधी मशीन त्याची नोंद लिहू पाहत होतं, जागा मिळेना म्हणून थबकत होतं, आतली काही जुनी खरकटी पुसून पुन्हा पुढे सरकत होतं. यावर उपाय रोजचाच होता. मशीन चालू ठेवूनच डिस्क मोठी करायची. तिनं आज्ञा दिली. आज्ञा नाकारली गेली.

तिनं कारण शोधलं. मशीनवर एक स्नॅपशॉट उभा होता, आठ महिन्यांपूर्वीचा.

स्नॅपशॉट म्हणजे त्या क्षणी डिस्क जशी होती तशी ती गोठवून ठेवणं. त्यानंतरचा प्रत्येक बदल वेगळ्या जागी लिहिला जातो, म्हणजे वाटलं तर मधलं सगळं टाकून पुन्हा त्या क्षणाला जाता येतं. मोठा बदल करण्याआधी सगळेच असा स्नॅपशॉट घेतात आणि काम झालं की काढतात. पण तो असेपर्यंत डिस्कचा आकार बदलता येत नाही. खालची जमीनच हलली तर परत जाणार कुठे? हा स्नॅपशॉट काढायचा राहून गेला नव्हता. रुग्णाचा पालक म्हणून मुलानं तो ठेवायला सांगितला होता, आणि दर वेळी मुदत वाढवून घेतली होती. काढायचा तर त्याचाच होकार लागणार होता.

तिनं पुण्याला फोन लावला. संग्राम दुधाळ मोटारींचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात गुणवत्ता विभागात होता. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

“तो काढायचा नाही, मॅडम. दुसरा काही मार्ग बघा.”

“दुसरा मार्ग नाही. आणि मैदानात आबा निवेदन करणार आहेत असं ऐकलं. तासभर सलग बोलले तर डिस्क पूर्ण भरेल, आणि मग आवाज बंद.”

“मी यात्रेला गावी निघालोय,” तो म्हणाला. “फोनवर हे बोलायचं नाही मला.”

“मग मीही येते,” तस्नीम म्हणाली.

*

यात्रेच्या आदल्या दिवशी ती विट्याहून बॅटरीवरच्या एसटीनं बोरजाईवाडीला उतरली. मैदानात तांबड्या मातीचा आखाडा तयार होत होता. माणसं मातीत ताक, हळद, लिंबाचा रस आणि तेल कालवत होती, आंबूस वास सगळीकडे पसरला होता. संग्राम तिची वाट बघत मंडपाच्या खांबापाशी उभा होता. पस्तिशीचा, इस्त्रीचा शर्ट घातलेला, गावात थोडा परका वाटणारा माणूस.

“स्नॅपशॉट कशासाठी ठेवलाय, एवढं सांगा,” तिनं विचारलं. “मला समजलं तर मी काही सुचवू शकेन.”

तो आखाड्याकडे वळला.

“आबा घरी कधीच फार बोलायचे नाहीत,” तो म्हणाला. “मैदानात दहा हजार माणसांना हसवायचे, रडवायचे, आणि घरी आले की ताट पुढे ओढून गप्प. मी तसाच वाढलो. ते आजारी पडले, मी पुण्याला नेलं, हे मशीन बसवलं. सुरुवातीचे महिने... काय सांगू, मॅडम. मी कामावरून आलो की ते विचारायचे, जेवलास का? मी विचारलं, दुखतंय का, तर म्हणायचे, बरं हाय. झोप आता, दमला असशील. जन्मात पहिल्यांदा माझे वडील माझ्याशी असं बोलत होते.”

“मग?”

“मग तुमच्या केंद्रानं मशीनमध्ये मोठी सुधारणा केली. खबरदारी म्हणून आधी तो स्नॅपशॉट घेतला. आणि त्यानंतर हळूहळू ते बदलले. एक दिवस म्हणाले, मला हितं करमत न्हाई, मी गावाला जाणार. मी म्हटलं, तिथे तुमच्याकडे बघणार कोण? तर म्हणाले...” तो अडखळला. “म्हणाले, तू मला सांभाळत न्हाईस, राखतोयस. म्हशीगत.”

तस्नीमनं खांद्यावरची पिशवी उतरवून खांबाशी ठेवली.

“ते आबा नव्हते, मॅडम. ते मशीन होतं. लोकांच्या तोंडी शब्द घालणारी यंत्रं कमी का बघितलीत आपण? मला एवढंच माहीत आहे की त्या स्नॅपशॉटच्या आधी माझे वडील आहेत. मी कधी मागे नेणार नव्हतो, खरंच. पण नेता येईल, एवढं तरी असू दे.”

“तुम्ही आबांना हे सांगितलंय?”

“नाही.”

“मग आधी ते,” ती म्हणाली. “तुमचा होकार नियमासाठी हवा. पण आवाज त्यांचा आहे. त्यांना न विचारता मी तो ठेवणारही नाही आणि काढणारही नाही.”

*

आबा घराच्या पडवीत बाजेवर बसले होते. गावी आल्यापासून ते इथे एकटे राहत होते. शेजारची पुतणसून दोन वेळचं करून देई. तस्नीमला बघून त्यांचे डोळे हसले. “ये पोरी. चहा...” स्पीकर थबकला. “...घे.”

“त्यासाठीच आलेय, आबा. तुमच्या बोलण्याची जागा संपलीय.”

तिनं त्यांना समजावून सांगितलं, आणि त्यांच्याकडच्याच भाषेत सांगितलं. रान कमी पडतंय, शेजारचं रान घ्यायचं ठरलंय, पण कुणीतरी जुन्या रानाची मोजणी आहे तशी राखून ठेवायला सांगितली आहे. ती राखण उठल्याशिवाय नवं रान जोडता येत नाही. ती उठली की मात्र जुन्या मोजणीवर परत जाता येणार नाही.

“कुणी सांगितलीया?” आबांनी विचारलं.

संग्राम पुढे झाला. जे मंडपात सांगितलं होतं तेच त्यानं बापापुढे सांगितलं, फक्त थोडक्यात आणि खाली बघून. आबांचा चेहरा अर्धाच हलायचा, त्यामुळे त्यावरून काही कळत नव्हतं.

“म्हंजी मला इचारल्याबिगार तू माझा मागचा... साचा ठिवलास,” आबा म्हणाले. “मला कवाबी पाठीमागं न्यायला.”

“तुम्हाला नाही, आबा. मशीनला.”

“मशीन म्हंजी कोण रं?”

या प्रश्नावर दोघंही तस्नीमकडे बघू लागले. ती प्रश्नाला तयार होती, पण उत्तर देणं सोपं नव्हतं. तिनं लॅपटॉप उघडला.

“संग्राम, तुम्ही म्हणता ते अर्धं खरं आहे,” ती म्हणाली. “मशीन अंदाज करतं. मेंदूकडून आलेली खूण अस्पष्ट असली की माणसं अशा वेळी साधारण काय बोलतात ते ते शोधतं आणि पोकळी भरून काढतं. प्रत्येक वाक्यात माणसाचं किती आणि अंदाजाचं किती, याची नोंद आपल्याकडे असते. हिरवं आबांचं, करडं मशीनचं. ही तुम्ही सांगितली ती वाक्यं.”

पडद्यावर आधी आलं ते अलीकडचं वाक्य. तू मला सांभाळत न्हाईस, राखतोयस. टोकापासून टोकापर्यंत हिरवं. ‘म्हशीगत’ तर गर्द हिरवं. असला शब्द कुठल्याही यंत्रानं अंदाजानं उचलला नसता.

मग तिनं पहिल्या महिन्यांतली वाक्यं काढली. जेवलास का. बरं हाय. झोप आता, दमला असशील. ती जवळजवळ सगळी करडी होती. सुरुवातीला हिरव्याचा एखादा ठिपका, पुढे सगळा अंदाज.

“तेव्हा जाळी नवी होती, खुणा पुसट होत्या,” तस्नीम म्हणाली. तिला हे सांगताना वाईट वाटत होतं, पण अर्धवट सांगण्यात अर्थ नव्हता. “मशीनला एवढंच कळायचं की आबांना मुलाशी काहीतरी बोलायचंय. पुढचं ते जगातल्या सगळ्या बापांवरून भरायचं. सुधारणा झाली ती ही, की मशीन कमी बोलायला लागलं आणि आबा जास्त.”

संग्राम पडद्याकडे बघत राहिला. ज्या वाक्यांसाठी त्यानं एवढा काळ ती वाट उघडी ठेवली होती, ती कुणाचीच नव्हती. तो उठून पडवीच्या कडेला गेला आणि पाठ करून उभा राहिला. आतून पुतणसून चहा घेऊन आली, तिनं कप ठेवले आणि वातावरण बघून आत गेली.

“पोरी,” आबा म्हणाले. “त्यो अंदाज... बंद करता येतोय का?”

“येतो. पण मग एकेक अक्षर तुम्हालाच ओढून काढावं लागेल. त्रास होईल.”

“कर बंद.”

तिनं केला. आबांनी डोळे मिटले. मानेची शीर ताठ झाली, कपाळावर घाम आला. स्पीकरमधून आधी नुसती घरघर आली, मग एक तुटका आवाज. जे. पुन्हा घरघर. संग्रामनं वळून बघितलं. खूप वेळानं एकेक अक्षर बाहेर पडत गेलं, चालायला शिकणाऱ्या पोराच्या पावलांसारखं.

“जेव... लास... का.”

पडद्यावर ते हिरवं उमटलं. ते पडद्यावर बघायची कुणाला गरज नव्हती. आबांनी दम घेतला आणि पुन्हा सुरू केलं, कारण त्यांचं बोलून झालं नव्हतं.

“राखू... नगंस. येत... जा.”

संग्राम त्यांच्या पायाशी जमिनीवर बसला. मग वर बघून तो तस्नीमला म्हणाला, “काढून टाका.”

*

तस्नीमनं बंद केलेला अंदाज पुन्हा चालू केला आणि ती कामाला लागली. स्नॅपशॉट काढणं म्हणजे एक बटण दाबणं नव्हतं. आठ महिन्यांत वेगळं लिहिलेलं सगळं मूळ डिस्कमध्ये मुरवायचं होतं, आणि तेही मशीन चालू असताना. आबा बोलले की नवं लिहिलं जाणार आणि काम लांबणार, म्हणून तस्नीमनं त्यांना गप्प बसायला सांगितलं. ते खुणेनंच ‘बरं’ म्हणाले. दुसऱ्या दिवशी यात्रेची पालखी निघाली, पै-पाहुणे येऊन भेटून गेले, पण आबांनी कुणाला हूं केलं नाही. मैदानाची तोरणं लागली आणि लहान कुस्त्या सुरू झाल्या, तेव्हा कुठे काम पुरं झालं.

मंडपात निवेदकाच्या खुर्चीमागे एका टेबलावर तस्नीमनं लॅपटॉप मांडला. बाजूला हलगीवाले होते. तिनं डिस्क मोठी करायची आज्ञा दिली, आणि या वेळी ती मानली गेली. तिनं सुटकेचा श्वास सोडला आणि आबांच्या मशीनच्या आत डोकावून बघितलं. आत जागा होती तेवढीच होती.

यात नवल नव्हतं. बाहेरून रान वाढलं तरी आतल्या प्रणालीला ते आपणहून कळत नाही, तिला पुन्हा मोजायला सांगावं लागतं. तस्नीमनं सांगितलं. आता नवी मोकळी जमीन दिसली. पण नोंदी जिथे लिहिल्या जात तो जुना हिस्सा तिनं त्या जमिनीत वाढवायला घेतला तर पर्यायच मिळेना. तिनं नकाशा नीट बघितला आणि तिच्या लक्षात आलं. जुन्या हिश्श्याच्या अगदी शेवटी, नव्या जमिनीच्या अलीकडे, एक छोटासा राखीव तुकडा बसला होता. मशीन कधी सुरूच झालं नाही तर दुरुस्तीसाठी लागणारी हत्यारं त्यात असतात. हिस्सा वाढतो तो लगतच्या जमिनीत. मध्ये हातभर दुसऱ्याची मालकी असली तरी पलीकडे जाता येत नाही.

पुढे आबांनी माईक हातात घेतला होता. शेवटच्या जोडीनं हलगीच्या तालावर आखाड्याला फेरी घातली, आणि दोन वर्षांनी तो आवाज मैदानावर पसरला.

“बोरजाईच्या नावानं... चांगभलं. गप बसा मंडळी, आणि डोळं उघडं ठिवा. ह्यो आपल्या तालुक्याचा सचिन गेंड. आणि ह्यो समोर त्याच्या एक मुंडी उंच.”

मैदान उठून उभं राहिलं. माणसं फेटे उडवत होती. तस्नीमनं मान वर केली नाही. तिच्या पडद्यावर उरलेली जागा कमी कमी होत होती.

तिनं मिरजेला फोन केला. तिचे वरिष्ठ घाटगे सर सावध माणूस होते.

“तो तुकडा चालू मशीनवर हलवू नकोस,” ते म्हणाले. “हात चुकला तर सगळी डिस्क जाईल. रीतसर मशीन बंद कर, आपण आरामात करू.”

“सर, बंद केलं तर त्यांचा आवाज काही आठवडे गेला.”

“येईल की परत.”

“येईल. पण गरज नसताना कशाला घालवायचा? तुकडा हलवायचा नाही मला, काढायचाच आहे. आत फक्त दुरुस्तीची हत्यारं आहेत, ती मी आधी दुसरीकडे उतरवून घेते. आपल्या मशीनला कधी दुरुस्ती लागली तर ती बाहेरून करता येते. हा तुकडा खऱ्या पेटीसाठी होता, सर. इथे तो नुसता सवयीनं बसलाय.”

“आधी एक स्नॅपशॉट तरी घे,” घाटगे सर म्हणाले, आणि लगेच स्वतःच, “नाही, घेतलास तर परत वाढणार नाही. बरं. उतरवून घेतलेली प्रत दोनदा ताडून बघ. मग कर.”

आखाड्यात खडाखडी संपून पैलवान भिडले होते. आबांचा आवाज चढला होता. “सचिननं हात घातलाय, मान सोडत न्हाई. उंचाड पोरगं वाकतंय का? वाकतंय, वाकतंय. आता बगा मंडळी, आता त्येनं पाय आत...”

आणि मैदानावर शांतता पसरली. डिस्क भरली होती.

आखाड्यात कुस्ती चालूच होती. आबांची मान ताठ झाली, डोळे मोठे झाले. शब्द आत अडकल्याचं त्यांना कळत होतं. माणसं कुस्ती सोडून मंडपाकडे बघायला लागली. तस्नीम प्रत पहिल्यांदा ताडून बघत होती. अजून एकदा बघायची होती आणि ते तिला टाळायचं नव्हतं.

“किती वेळ?” संग्रामनं मागून विचारलं.

“थोडा. पण प्रत ताडून झाल्याशिवाय नाही.”

संग्रामनं पुढे जाऊन बापाच्या हातातला माईक घेतला. त्याला मैदानात बोलायची सवय नव्हती, आवाज पहिल्याच शब्दाला फाटला. “मंडळी, मी... मी संग्राम. आबांचा मुलगा. आबांचं यंत्र जरा... तोवर मी सांगतो. सचिन पुढे आहे. म्हणजे वर आहे. त्यानं त्या दुसऱ्याचा पाय... पाय धरलाय.”

“दिसतंय की,” मागून कुणीतरी ओरडलं आणि मैदानभर हशा पिकला. संग्राम लाल झाला, पण हटला नाही. त्याला आठवतील तेवढे शब्द तो गोळा करत राहिला. तस्नीमची प्रत दुसऱ्यांदाही जुळली. तिनं तुकडा काढला. जुना हिस्सा नव्या जमिनीला भिडला. तिनं तो वाढवला, मग त्या वाढलेल्या जागेवर आतली मांडणी पसरवली. पट्टी सरकू लागली.

“आता सचिननं डाव टाकलाय,” संग्राम सांगत होता. “ही ढाक आहे. ढाक लावलीय सचिननं आणि...”

“ढाक न्हवं ती,” शेजारून माईकवर आबांचा आवाज गरजला. “घिस्सा हाय घिस्सा. आणि आता बगा, ह्यो गेला, ह्यो गेला, ह्यो पाठीवर. आस्मान दावलं, मंडळी.”

पुढचं काही ऐकू आलं नाही. हलग्या, शिट्ट्या आणि माणसांचा गलका यांत आबांचा आवाजही बुडाला. आखाड्यात सचिन गेंडला खांद्यावर घेतलं होतं. आणि मंडपातही कुणीतरी संग्रामच्या डोक्यावर फेटा टेकवला होता, तो सारखा डोळ्यांवर घसरत होता.

*

उन्हं कलल्यावर मैदान रिकामं झालं. तस्नीमनं आवराआवर केली. शेवटच्या एसटीला थोडा वेळ होता, म्हणून ती आबांच्या पडवीत येऊन बसली. आबा सलग बोलत होते, कालपासूनचं साठलेलं आणि कदाचित त्याआधीचंही. सचिनच्या वस्तादाबद्दल बोलले, मातीत ताक कमी पडल्याबद्दल बोलले. मग संग्रामकडे बघून म्हणाले, “ढाक आणि घिस्सा वळखंना तुला. दुधाळाचं नाव सांगतोस.”

“मला कोण दाखवणार होतं?” संग्राम म्हणाला. त्याचा आवाज रागाचा नव्हता. जो प्रश्न बहुधा लहानपणापासून त्याच्याजवळ होता, तो त्यानं आत्ता विचारला. “आबा, मैदानात एवढं बोलायचात. घरी का नाही बोललात कधी?”

आबांना उत्तर द्यायला वेळ लागला. तस्नीमनं सवयीनं डबीकडे बघितलं. यंत्र थांबलं नव्हतं. माणूस विचार करत होता.

“मैदानात वरडून वरडून माझा आवाज मोठाच झाल्याला,” ते म्हणाले. “बारीक आवाजात बोलायचं मला जमंचना. तू पाळण्यात हुतास. म्या कायबी बोललो की दचकून रडायचास. तुजी आई म्हनायची, हळू बोला, पोरगं दचकतंय. मग म्या म्हनलं, आपलं गप बसल्यालं बरं. ती सवयच लागली बग.”

रस्त्यावरून यात्रेचे पाळणेवाले सामान घेऊन चालले होते. पुतणसुनेनं आत दिवा लावला. संग्राम उठला, बाजेवर आबांच्या शेजारी जाऊन बसला, आणि पुण्यात राहून ज्या बोलीतला एक शब्दही त्याच्या तोंडी उरला नव्हता, त्या बोलीत म्हणाला,

“आता बोला की आबा. आता म्या दचकत न्हाई.”